उघडे डोळे

प्रार्थनेसाठी सगळ्यांनी माना खाली घातल्या की आमच्या चर्चमध्ये जुन्या पंख्यांची घरघर ऐकू येते. हे मला गेल्या वर्षभरात कळलं. नवरा गेल्यापासून मला प्रार्थना करताच येईना. डोळे मिटले की आत नुसता काळोख. मग मी ते उघडेच ठेवायचे, पुढच्या बायकांचे पदर बघत बसायचे. पाळकसाहेबांच्या पाठोपाठ ‘आमेन’ म्हणायचे, तेही चोरासारखं.

मागच्या रविवारी प्रार्थना चालू असताना सहज मान वळवली, तर पलीकडच्या बाकावरून रूथमावशी माझ्याकडेच बघत होत्या. ऐंशीच्या रूथमावशी, ज्यांच्या प्रार्थनेचा साऱ्या मंडळीला आधार! मला लाजेने घाम फुटला.

उपासना संपल्यावर त्यांनी मला दारातच गाठलं. म्हणाल्या, “अगं, डोळे मिटले की मला डुलकी लागते. म्हणून मी एकेकाचं तोंड बघते नि त्याच्यासाठी देवाकडे मागते. तुझ्यापाशी आले, तर तू टक्क जागी!”

कितीतरी महिन्यांनी मी मोठ्याने हसले. मी शब्द शोधत कोरडी बसले होते, तेव्हाही माझ्यासाठी कुणी मागत होतं. आणि शब्द नसले तरी समोरचा चेहरा तर दिसतो. एवढ्या विचारानेही छाती हलकी झाली.

या रविवारी पुन्हा माना झुकल्या. मी आधी मावशींना शोधलं. हनुवटी छातीला टेकवून त्या गाढ झोपल्या होत्या.

मग त्यांच्या बाकापासून मीच सुरुवात केली.