नगऱ्यातला तुटलेला न्यूट्रल

हिंदी मुलखातल्या नगऱ्याच्या रेल्वे क्वार्टरांत यज्ञेश्वरांना 'बायकोचे वायरमन' म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. गल्लीभरच्या तक्रारी दाराशी ताटकळत आणि हे आत कुसुमावतींचा रेडिओ फडक्यानं पुसत बसलेले. साताऱ्याच्या त्या बाईला इथली बोली कधी पचली नाही. पोटची पोरंसुद्धा हिंदीत उत्तर देत. पुण्याचं केंद्र लागलं, की मात्र त्यांचा चेहरा माहेरी जाऊन येई.

त्या गणपतीत कुसुमावतींचा पाय प्लास्टरमध्ये होता. यज्ञेश्वर रेडिओ उशाशी लावून एकटेच आरतीला गेले.

आपली मराठी माणसं काटकसरीत पक्की. घराबाहेर पडताना सगळ्यांनी दिवे मालवले. मांडवात मात्र गल्लीतल्या गोपाळरावांच्या घरून ओढलेल्या दिव्यांच्या माळांचा झगमगाट. आरती निम्म्यावर आली आणि माळा मिणमिणल्या.

"व्होल्टेज कम है भैया, एक बत्ती और जोडो," गोपाळराव म्हणाले.

यज्ञेश्वरांनी मान वळवून स्वतःच्या घराकडे पाहिलं. कुसुमावतींसाठी ठेवलेला खिडकीतला बल्ब पांढराफटक पेटला होता. इथे मंद, तिथे लख्ख. म्हणजे खांबावर न्यूट्रलची तार तुटली. झांजा टाकून ते धावले आणि त्यांनी गल्लीचा मेन स्विच ओढला.

"बाप्पाला अंधारात ठेवलंत? जोरू का गुलाम सुना था, आज देख लिया," गोपाळराव कडाडले.

"बाप्पाला समई आहे," म्हणत यज्ञेश्वर घरात शिरले.

आत रेडिओचा जळका वास भरला होता. "गेला हो," कुसुमावती हळूच म्हणाल्या.

"दुसरा आणतो."

"आणाल तेव्हा आणाल. आत्ता तुम्ही बोला."

"मी? काय बोलू?"

"काहीही. मराठीत."

त्या गृहस्थाला तारांपलीकडे काय येणार? त्यांनी कंदील लावला आणि तेच सुरू केलं. "खांबावर तीन फेज, म्हणजे विजेच्या तीन तारा असतात. काही घरं एकावर, काही दुसऱ्यावर. तिन्हींवर भार सारखा असला, की त्यांचं आपसांत भागतं. कमीजास्त झाला, की फरक न्यूट्रल परत नेतो. तोच तुटला, तर ज्याच्या फेजवर भार कमी, व्होल्टेज त्याच्याच बोडक्यावर."

"म्हणजे सगळ्यांनी दिवे मालवले आणि भोगलं माझ्या रेडिओनं?"

"अगदी."

"शेजारच्या कमळाबाईंचं घर कोणत्या फेजवर?" त्यांनी उशीला टेकून विचारलं. यज्ञेश्वर एकेक घर सांगत गेले. गल्लीची अशी खबर पुणे केंद्राकडे कुठली?

बाहेरून गोपाळराव ओरडले, "यज्ञेश्वरजी, बत्ती."

"येतो. दोनच घरं सांगायची राहिलीत," यज्ञेश्वर म्हणाले आणि खुर्ची पलंगाजवळ ओढून बसले.