हळकुंडाचा धागा

साल २०२१. मी एकसष्ट वर्षांचा, अकोल्यात एमआरआय सेंटरवर अटेंडंट. शाळा चौथीपर्यंत, पण मशीनच्या खोलीत माझ्या शब्दाशिवाय डॉक्टरही पाय टाकत नसे. मशीन म्हणजे मोठा लोहचुंबक. अंगावर धातू चालत नाही.

टेबलापाशी बार्शीटाकळीची नंदा गळा घट्ट धरून उभी. सासर नांदगाव खंडेश्वरचं. तिला स्किझोफ्रेनिया, म्हणजे कोणी नसताना आवाज ऐकू येतात. धाकट्या भावाला, दिलीपला, तो विशीतच झाला. हिला लग्नानंतर, पस्तिशीत. अमरावतीच्या डॉक्टरबाई अशा भावाबहिणींचे मेंदू तपासत होत्या.

"मंगळसूत्र नाही काढत, काका."

अशा बायांसाठी मी हळकुंड बांधलेला पिवळा धागा ठेवतो. तो नवऱ्याकडून तिच्या गळ्यात बांधवला. मंगळसूत्र त्याच्या खिशात गेलं.

"स्कॅन होईस्तोवर हलू नको माय. झाला का तुयं तुले परत."

ती दगडासारखी पडून राहिली.

नंतर बाईंनी समजावलं, "मेंदूच्या दोन बाजू अगदी सारख्या नसतात. काही आजारी पुरुषांत हा फरक कमी दिसतो, बायकांत तितका नाही. दिलीपचा कमी आहे, नंदाचा नेहमीसारखा. पण फोटोवरून आजार ठरत नाही. गोळ्या दोघांनाही."

नवऱ्यानं अर्धंच ऐकलं. "म्हंजे साळा येडा, अन् हे नाटक करून राहिली!"

"जवाईबापू, आवाजाचा फोटो निघते का?"

"तू झाडू मार, बुढ्या."

"मारतो. तुमी बायकोले गोळ्या देजा."

त्यानं गोळ्या बंद केल्या.

दिवाळीनंतर दिलीप एकटाच आला. गोळ्यांवर तो ठीक चालला होता. "काका, जवायानं ताईले माहेरी आणून टाकलं. स्कॅनच्या दिवसापासून मंगळसूत्र देल्लंच नाही, गळ्यात तो धागाच हाये. ताई नुसती पडून रायते. पाणीबी घेत नाही. उचलाले गेलं का किंचाळते."

"काही बोलते?"

"एकच. हलवू नका, स्कॅन चालू आहे."

बाईंना फोन लावला. "आत्ताच्या आत्ता दाखल करा," म्हणाल्या. दिलीप तिला न्यायला गेला, पण ती उठेना, असा संध्याकाळी त्याचा फोन आला.

फोटोनं आजार ठरत नाही, हे नवऱ्याला सांगून झालं होतं. मशीन बंद झालं, हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीचा ड्रेस चढवून बार्शीटाकळीला गेलो. तिच्या गळ्यातला हळकुंडाचा धागा कैचीनं कापला. तिच्या आईनं तोंडाला पदर लावला.

"झाला स्कॅन, माय. ऊठ."

तिनं डोळे उघडले. "मायं मंगळसूत्र?"

"नाही आणलं."

तिला धरून ऑटोत बसवलं, आणि दवाखान्यापर्यंत हात सोडला नाही.