रुख्मिणीच्या पुस्तकातली तळटीप

माझी एक वाईट खोड आहे. चूक दिसली की माझ्याच्यानं गप्प बसवत नाही. अमरावतीच्या एका छापखान्यात मी चौतीस वर्षं मुद्रितं तपासली, आणि घरात आजोबांपासून पोथ्यांचा नाद. मागाहून कोणी घुसडलेली ओळ पोथीत सापडली, की आजोबा तिच्यावर पिवळी हरताळ फासायचे. विषय संपला. मी त्यांच्याच हाताखाली वाढलो. या खोडीपायी पुंजारामचं मी काय करून ठेवलं, ते सांगतो.

पुंजाराम आमच्याकडे बाइंडर होता. वलगावचा, रोज सायकलनं यायचा. छापलेल्या मोठ्या कागदांच्या, म्हणजे फर्म्यांच्या, घड्या घालायचा, शिवायचा, खळ लावायचा, पण पुस्तकातलं अक्षर वाचायचा नाही. "वाचत बसलो तं शिवू कवा, महाराज?" मी बामण म्हणून महाराज, त्यात मान कमी, चेष्टाच जास्त. माझ्या डब्यातलं लोणचं न विचारता उचलायचा. असा मित्र मला दुसरा मिळाला नाही.

त्याची बायको रुख्मिणी एका मोठ्या आजारपणात प्रार्थनेला जाऊ लागली, बरी झाली, आणि बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाली. भाऊबंद तोंडाला येईल ते बोलले. पुंजारामनं एकच विचारलं, "तिले बरं वाटून राहिलं ना? मंग तुमाले काय तरास?" तिच्या बायबलची पानं सुटली तेव्हा त्यानंच ते नव्यानं शिवून दिलं. पोरगा अमोल मात्र आईची थट्टा करायचा. "तुह्या येशूले म्हना, माह्या गाडीत पेट्रोल टाक." तेविसाव्या वर्षी परतवाड्याच्या रस्त्यावर तो ट्रकखाली गेला. चार वर्षांनी रुख्मिणी गेली. जाताना नवऱ्याचा हात धरून एवढंच म्हणाली, "तुमी तरी येजा माह्या मांगं."

गेल्या वर्षी पुंजारामच्या पोटात गाठ निघाली. अकोल्याच्या डॉक्टरनं दोन महिने सांगितले. रुख्मिणीच्या चर्चचे, त्यांच्या भाषेत मंडळीचे, पास्टर प्रीतम रोज यायचे. माणूस चांगला, त्याबद्दल वाद नाही. पुंजारामची उलटी त्यांनी आपल्या हातानं काढलेली मी पाहिली आहे. ते म्हणायचे, काका, बाप्तिस्मा घ्या. हा घेत नव्हता.

"काहून रे?" मी विचारलं. "तिनं बोलावलं ना तुला?"

त्यानं उशाशी ठेवलेल्या रुख्मिणीच्या बायबलवर हात ठेवला. "पास्टरनं वाचून दाखवलं, महाराज. विश्वास ठेवून पान्यात उतरला तो वाचला. न्हाई ठेवला त्याले शिक्षा. म्हंजे रुख्मिणी वाचली अन् अमोल गेला. मी पान्यात उतरलो तं मी तिच्याकडं. पोरगं तिकडं एकलंच राह्यते ना. लहानपनी अंधाराले लय भेत होतं ते."

माझं डोकंच फिरलं. मरायला टेकलेल्या माणसाला ही निवड करायला लावता? बायको का पोरगा? मी ते पुस्तक घरी नेलं. पास्टरांनी वाचलेली ओळ ज्या शुभवर्तमानात होती, त्याच्या शेवटच्या अध्यायाखाली बारीक टाइपात एक टीप होती: सर्वांत जुन्या दोन हस्तलिखितांत वचनं नऊ ते वीस नाहीत. ती ओळ सोळावी. बस्स! मला आनंदानं झोप लागेना. घुसडलेली ओळ सापडली होती.

दुसऱ्या दिवशी पास्टर खाटेपाशीच बसले होते. मी पुस्तक त्यांच्यासमोर उघडून आपटलं. त्यांना ती टीप माहीत होती. म्हणाले, "दुसऱ्या शतकातल्या एका धर्मगुरूंनी या भागातलं वाक्य घेतलंय, बापूसाहेब. इतकी वर्षं मंडळीनं हे मानलंय. आणि आत्म्याचं तारण काही या एका ओळीवर लटकलेलं नाही."

"मग या गरिबाला कशाला तिच्यावर लटकवून ठेवलंत?"

झालं, जुंपली. ते हस्तलिखितं मोजायला लागले, मी जुनी कोणती ते सांगायला लागलो. खरं बोलतो, मला मजा येत होती. खाटेवरचा माणूस ऐकतोय, हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं.

"थांबा," पुंजाराम म्हणाला. "महाराज, ते ओळ मांगून लावलेली हाये?"

"मागून."

"आख्खी?"

"आख्खी!" मी छाती फुगवून म्हणालो.

त्यानं डोळे मिटले. "मंग रुख्मिणीचं काय?"

मला कळायलाच वेळ लागला.

"दोघं एकाच ओळीत होते, महाराज. तुमी पोराले सोडवाले गेले, अन् तिले बी खोडून टाकलं."

पास्टरांनी घाईघाईनं दुसरं पान काढलं, तिसरं काढलं. ही वचनं सगळ्यात जुन्या प्रतींतही आहेत, म्हणाले. पुंजारामनं हातानंच थांबवलं. "मी बाइंडर हावो, साहेब. एक फर्मा बाहेरचा निघाला का सारी थप्पी उलगडून पाहा लागते. आता मले कुठी येवढे दिवस हायेत?"

एरवी उशाशी असायचं ते पुस्तक त्यानं फळीवर ठेवायला लावलं.

त्यानंतर तो अठरा दिवस जगला. मी रोज गेलो. ज्यानं जन्मात एक चूक सोडली नाही, तो मी त्याच्यापुढे हात जोडून सांगत होतो, की बाबा, टीप ती टीप, तिचं काय घेऊन बसलास, ओळ खरीच धर, रुख्मिणी वाचली असं समज. "राहू द्या महाराज," तो म्हणायचा. माझी चीड आली असती तर बरं झालं असतं. त्याला माझी कीव येत होती.

बुधवारी संध्याकाळी त्यानं माझं मनगट धरलं. 

"महाराज, तुमाले सारं समजते. ते दोघं आता कुठी असतीन?"

खोटं बोलायला हवं होतं. पास्टर बोलले असते, आणि ते त्यांना खोटं वाटलंही नसतं. माझ्या तोंडून निघालं, "माहीत नाही रे."

"मंग मी जाऊ कुठी?"

त्याच रात्री तो गेला. गुरुवारी सकाळी भावांनी त्याला वलगावच्या स्मशानात नेलं, आणि पास्टर आणि मी मागच्या बाजूला उभे राहिलो.