चिंच न घातलेलं अळू

माझं माहेर कारेगाव. तिथं तेव्हा प्यायच्या पाण्याचीच मारामार, अळू कुठलं बघायला मिळणार? सासरी, राहू गावात मात्र मोरीच्या पाण्यावर सुपाएवढी पानं माजलेली असायची.

लग्नाला चार महिने झाले होते. भाद्रपदात एके सकाळी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, यवतच्या बाजाराला निघाल्या. जाताना म्हणाल्या, "अळूचं गरगटं कर. आन् तुझ्या मामंजींस्नी आंबट चालत न्हाई, सांधं धरत्यात. चिंचंला हात लावू नगंस."

मी आज्ञाधारक. तेव्हा होते, आताचं विचारू नका. डाळ, शेंगदाणे, गूळ, सगळं घातलं. चिंच तेवढी नाही.

मामंजी ओसरीवर जेवायला बसले. चौथ्या घासाला त्यांचा हात गळ्याकडं गेला. तांब्याभर पाणी प्यायले, तरी डोळ्यांतून धारा. बोलायला गेले तर नुसती घरघर. माझ्या हातून सासरा जातोय, एवढंच डोक्यात. आणि पाठोपाठ दुसरी भीती, जिची आजही लाज वाटते: लोक म्हणतील, नव्या सुनेनं विष घातलं.

मी धावत शेजारच्या म्हातारीला घेऊन आले. तिनं पातेल्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

"चिंच कुठंय ह्यात?"

"आत्याबाई नको म्हणाल्या."

"अगं, अळवाला चिंच लागतीच. न्हाई तर घसा धरतंय."

तिनं वाटीभर चिंचेचा कोळ मामंजींना पाजला. घटकाभरानं त्यांचा घसा मोकळा व्हायला लागला. मी मात्र दुपारची एसटी येईपर्यंत चुलीपाशीच बसून होते.

आत्याबाई आल्या. म्हातारीनं सगळं सांगितलं. आत्याबाईंनी बाजाराची पिशवी खाली ठेवली, आणि मला वाटलं, आता माहेरी धाडतात.

तेवढ्यात मामंजी फाटक्या आवाजात म्हणाले, "तूच सांगून गेलीस की. तिनं ऐकलं, एवढंच. उद्या परत अळूच करायचं, हिच्याच हातचं."

दुसऱ्या दिवशी मी चांगली मूठभर चिंच घातली, तरी ताट वाढताना मनातली भीती गेली नव्हती. त्या घरात बायका पुरुषांच्या आधी जेवत नसत, आणि सून सासऱ्यापुढं तोंड उघडत नसे. मी मामंजींसमोरच वाटीतला घास घेतला, गिळला आणि आवाज फुटतोय का ते बघितलं.

"मामंजी, जेवा."