मसुराचं पीठ

थंडी सुरू झाली तशी दादाच्या तान्ह्या मुलीच्या नडग्यांवर बारीक, पांढरे खवले दिसायला लागले. मी ते लगेच ओळखले, कारण माझे पाय तसेच आहेत आणि बाबांचेही. सोलापूरच्या उन्हाळ्यातसुद्धा बाबा पायमोजे काढत नाहीत आणि मी पूर्ण बाह्यांशिवाय बाहेर पडत नाही.

आई तिला आपल्या पसरलेल्या पायांवर घेऊन आंघोळ घालत होती. दुधात कालवलेलं मसुराचं पीठ ती त्या खवल्यांवर पुन्हा पुन्हा चोळत होती. बाळ रडत होतं.

"आई, घासू नकोस ना. त्याने आणखी कोरडं पडतं. हे आपल्या घरातच आहे, डॉक्टरांनी सांगितलंय तुला."

"तू गप्प बस. तुझ्या वेळी मीच कच खाल्ली. रडायला लागलीस की सोडून द्यायचे. हिचं तसं होऊ देणार नाही."

मला तर घासून लाल झालेले गुडघे आठवतात. आई कधीच सोडून देत नव्हती. 

शेवटी मी बाळाला टॉवेलात घेतलं, हलकेच टिपलं आणि माझं क्रीम तिच्या पायांना लावलं. वहिनी दारात उभी होती. तिने बाळाच्या नडग्या पाहिल्या, मग माझ्या बाह्या.

"ताई, हिचं जाईल ना?"

"अंग ओलसर असतानाच लावायचं," मी म्हणाले. "रोज."

वहिनी पुढचं ऐकायला थांबली होती. मी क्रीमच्या डबीचं झाकण लावत राहिले.