राहीची शर्यत आणि देवघरातली घंटी

मंडळी, शर्यत संपून चार तास झाले तरी ओरडून बसलेला घसा तसाच आहे, म्हणून लिहूनच सांगते.

आमची लेक राही जर्मनीत बॉनला शिकते. तिला फक्त उजेड आणि अंधार कळतो. आज विद्यापीठांच्या आंतरराष्ट्रीय स्कीइंग स्पर्धेत ती उतरली. पुढे गाइड लेना, तिचा आवाज राहीच्या हेल्मेटमध्ये, आणि त्या आवाजामागे राही.

इथले लोक शर्यतीला गाईच्या गळ्यातल्या घंटा वाजवतात. काल ते पाहून सासूबाईंनी आज पर्समध्ये घरून सोबत आणलेली देवघरातली घंटी घेतली. मी वैतागले, "अहो आई, लोक हसतील."

शेवटच्या वळणावर राहीचा तोल गेला. हात बर्फाला टेकला, पण ती सावरली. तिने फिनिश लाइन ओलांडली आणि बोर्डावर तिचं नाव सगळ्यात वर आलं.

घंटांच्या गदारोळात तिला लेनाचंही ऐकू येईना. ती गोंधळून उभी राहिली. आईंनी घंटी काढून वाजवली. ती बारीक किणकिण ऐकताच राही वळली, थेट आमच्या कठड्यापाशी आली आणि म्हणाली, "आजी, तूच ना?"

"हो गं. पहिली आलीस."

उद्या स्लालम आहे, म्हणजे खांबांमधून नागमोडी उतरायची शर्यत. घंटी मी आत्ताच माझ्या पर्समध्ये ठेवली. घरातल्या मोठ्यांना असं उगाच अडवून तुम्ही कधी तोंडावर पडलायत का?