धाकट्या साडूंचं थोरलेपण

आपलं वय वाढावं म्हणून जिवापाड मेहनत घेणारा माणूस उभ्या कोल्हापूर जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. बाकीचं जग केसांना काळं लावतं आणि 'छे, वाटत नाही हो' हे ऐकायला आसुसलेलं असतं. आमच्या साडूंच्या कानशिलावर चाळिशीत पहिला पांढरा केस उगवला, तेव्हा त्यांनी घरी बासुंदी करायला लावली होती. नंबर नसलेला चष्मा त्यांनी कित्येक वर्षं नाकावर वागवला. पुढं गुडघे ठणठणीत असताना हातात काठी आली. पहाटे उठून चार म्हशींच्या धारा काढणारा हा गडी, दारात पाहुणा दिसला की खाटेवरून कण्हतच उठायचा. बाजारात दुसऱ्याच्या म्हशीचा जबडा उघडून तिचं वय चारचौघांत जाहीर करायचा, पण स्वतःच्या वयाचा विषय निघाला की 'साठीला टेकलो की आता' म्हणून मोकळा व्हायचा.

या सगळ्याचं मूळ गडहिंग्लजला आहे. ती आमची दोघांची सासुरवाडी. माझी बायको थोरली, त्यांची धाकटी, म्हणजे नात्यानं मी थोरला जावई. टॉवेल-टोपीचा पहिला मान माझा, तांबड्या रश्श्याची पहिली वाटी माझी. नात्यात पुढं सरकायला जागा नाही म्हटल्यावर त्यांनी वयाची वाट धरली. त्यांच्या लग्नात ते माझ्याहून पाच वर्षांनी लहान होते, हे मला पक्कं आठवतं. पण आम्हा सगळ्यांचं वय वर्षाला एकानं वाढतं, त्यांचं सव्वानं वाढायचं. मधे कधीतरी ते माझ्या बरोबरीला आले, आणि एका बारशात सगळ्यांदेखत मला म्हणाले, "तू अजून ल्हान हाईस, तुला न्हाय कळायचं." त्या दिवशी मला कळलं की आपण मागं पडलो.

आम्ही दोघं राहायला एकाच गावात, त्यामुळं तेव्हापासून दसऱ्याला पंचाईत व्हायला लागली. सोनं द्यायला धाकट्यानं थोरल्याकडं जायचं, ही रीत. ते त्यांच्या सोप्यावर माझी वाट बघत बसत आणि मी माझ्या घरात त्यांची. अंधार पडला की शेवटी दोघी बहिणीच मधल्या चौकात भेटून आपट्याची पानं बदलून घेत. त्यात साडूंना जुन्या गोष्टी सांगायचा भारी नाद. एका जुन्या पुराचं पाणी गल्लीत कुठवर चढलं होतं, ते हात उंच करून दाखवायचे. मी मनात वजाबाकी केली तर त्या पुरात ते पाळण्यात निघाले. पण सांगायचे असे रंगून, की पोरं तोंडाचा आ करून ऐकायची आणि माझ्या वजाबाकीला कुणी विचारत नसे.

मात्र एक कबूल करायला हवं. हे थोरलेपण त्यांनी नुसतं मिरवलं नाही, निभावलंही. कुणाच्या घरी काही झालं की काठी टेकत पहिले हजर. सासरे गेले तेव्हा आम्ही सगळे हमसून रडत होतो, आणि हा माणूस कोरड्या डोळ्यांनी एकेकाला पाणी पाजत होता.

मागच्या वर्षी त्यांच्या बायकोच्या ध्यानात आलं की, यांनी दुधाचा पेला तोंडाला लावला की गळ्यात काहीतरी वर-खाली होतंय. सोनोग्राफी झाली, गाठीत सुई घालून तपासणी झाली आणि थायरॉईडचा कॅन्सर निघाला. घरात चूल पेटली नाही. साडूंनीच सगळ्यांना धीर दिला. ऑपरेशनला आत नेताना डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "तुमी घाबरू नगासा, मी हाय न्हवं."

ऑपरेशनचा रिपोर्ट आला तेव्हा आम्ही तिघं बाईंच्या समोर बसलो होतो. माझ्या मेव्हणीनं एकच विचारलं, "कितवी स्टेज हाय?" बाई वयानं लहान, पण समजावून सांगायची हौस असलेल्या. म्हणाल्या, "आम्ही आधी बघतो गाठ केवढी होती आणि थायरॉईडच्या बाहेर आलीय का. मग कॅन्सर मानेतल्या बारीक गाठींत पोचलाय का. मग लांब, फुप्फुसात किंवा हाडांत गेलाय का. यांचा लांब कुठं गेलेला नाही, पण मानेच्या गाठींत आहे. आणि या कॅन्सरमध्ये वयही धरतात. काका साठचे आहेत, म्हणून ही दुसरी स्टेज. पंचावन्नच्या आतले असते तर याच रिपोर्टवर पहिली धरली असती."

मी साडूंकडं बघायचं टाळलं. मेव्हणी पदराचा बोळा करून बसली होती, तिनं तो सोडला. "बाई, त्रेपन्न हाय त्येंचं वय. माझ्यापरास चारच वर्सानं मोठं हाईत."

"तू गप बस," साडू घोगऱ्या आवाजात म्हणाले. मग बाईंना म्हणाले, "दुसरीच ऱ्हाऊ द्या की. काय बिघडतंय?"

इतकी वर्षं या माणसाच्या खोड्या बघतोय, पण समोर मी बसलोय म्हणून वरची स्टेज पत्करणारा माणूस बघून मला हसावं की त्याच्या पाया पडावं कळेना.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, रिपोर्ट बदलत नाही. पण कमी वयात हा आजार सहसा कमी त्रास देतो, त्यावर आम्ही पुढचा अंदाज बांधतो. खरं सांगा."

साडूंनी चष्मा काढून पुसला. "त्रेपन्न," म्हणाले, इतकं हळू की बाईंना पुन्हा विचारावं लागलं.

"मग ही पहिलीच स्टेज," बाई म्हणाल्या. ते ऐकून मेव्हणी रडत-हसत घरी फोन करायला बाहेर गेली. बाईंनी पुढचं सांगितलं. किरणं सोडणारं आयोडीनचं औषध द्यायचं, आणि ते दिल्यावर दोन-तीन दिवस वेगळ्या खोलीत एकटंच राहायचं, जवळ कुणी थांबायचं नाही.

आम्ही बाहेर बाकावर येऊन बसलो. सासुरवाडीत आता काय काय चिडवता येईल, हे मी मनात जुळवत होतो. बाजूला बघितलं तर साडूंनी काठी बाकाखाली सरकवली होती.

"लई भ्या वाटालंय," ते म्हणाले. "गाठ हाय म्हनल्यापासनं वाटालंय. सांगू कुनाला? सगळी माज्याच तोंडाकडं बघत्यात."

चिडवायचं सगळं मी तिथंच सोडून दिलं. मला थोरलेपण हवं होतं, पण ते वाटीतल्या रश्श्यापुरतं. भीती मलाही वाटत होती, आणि ती सांगायला तर मी आजवर ह्यांच्याकडंच गेलो होतो.

"त्या खोलीत कुनाला सोडत न्हाईत म्हनं," ते म्हणाले. "तू निदान दवाखान्यात ऱ्हाशील न्हवं? खाली बसलास तरी चालंल. थोरला हाईस की तू."

मी हो म्हणालो.